सतराव्या चालीवर अडलेला राजा

संत्र्याच्या बागा फुलल्या की आमच्या किर्यात मलाखी गावात आधी नाक जागं होतं आणि माणूस मागाहून. यंदाही तसंच झालं. सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि वास आत आला, न विचारता, घरच्या माणसासारखा. गावाभोवतीच्या बागा आता निम्म्याही उरलेल्या नाहीत. त्यांच्या जागी तीन-तीन मजल्यांची घरं आली आहेत. पण उरलेली झाडं तोडलेल्यांच्या वाट्याचंही फुलत असावीत, इतका वास येतो. माझी बायको नाओमी म्हणते, "खिडकी लावा, मला शिंका येतात." मी लावत नाही. त्या वासाबरोबर मला दरवर्षी ते तीन आठवडे परत मिळतात, ज्यांत मी माझ्या सासऱ्यांना भरल्या सभेत लबाड ठरवता ठरवता वाचलो. आता ते आठवून हसू येतं. तेव्हा मात्र माझ्या पोटात रोज एक दगड असायचा, आणि संध्याकाळपर्यंत त्याला पिल्लं व्हायची.

मी मुळात घाबरट नाही. पुरीम म्हणजे आम्हा ज्यूंचा सोंगांचा सण, आणि हामान हा त्यातला खलनायक. गावच्या नाटकात ते काम मी वर्षानुवर्षं करतो आणि दुष्ट दिसण्यासाठी मला वेगळी दाढी लावावी लागत नाही. लग्नात, बारशात, कुणाच्या वर्षश्राद्धालासुद्धा लोक मला म्हणतात, "बेनी, काहीतरी सांग." मी सांगतो. थोडं मीठ लावतो, थोडं तिखट. पण ही गोष्ट मी फार वर्षं सांगितली नाही, कारण हिच्यात मी शहाणा दिसत नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो, आपल्या कोकणातल्या रीतीप्रमाणे. मामा रेवदंड्याजवळच्या एका खेड्यात वाढले, मुंबईच्या गिरणीत साच्यावर उभे राहिले आणि तिथून इथे, ज्यूंच्या देशात, येऊन पुन्हा कापडाच्याच कारखान्यात साच्यावर उभे राहिले. म्हणायचे, "देश बदलला रे, धागा तोच तुटतो." अंगाने काटकुळे, डोक्यावर टोपी आणि खिशात नेहमी एक प्यादं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "संगतीला."

शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, दुपारी जेवण झालं, डुलकी झाली की सिनेगॉगच्या अंगणातल्या झाडाखाली मामांचा पट मांडला जायचा. शब्बाथला खेळायला हरकत नाही, पण लिहायला मनाई. म्हणून मामा डाव खेळायचे आणि तो डोक्यात भरून घरी आणायचे. आभाळात तीन तारे दिसले, हावदालाची प्रार्थना झाली, लवंगांचा वास घेऊन शब्बाथला निरोप दिला, की चहाच्याही आधी त्यांची निळी वही उघडायची आणि अख्खा डाव पहिल्या चालीपासून कागदावर उतरायचा. नाओमी सांगते, लहानपणी शनिवारी संध्याकाळी घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. पप्पांच्या डोक्यात डाव असायचा, तो सांडला असता.

आणि ते लिहिणं कसलं! पुस्तकातली चिन्हं नाहीत, इंग्रजी अक्षरं नाहीत. सरळ आपल्या मराठीत, जशी नदीवरची बातमी सांगावी तसं. "माझं राजाचं प्यादं दोन घरं. त्याचंही. माझा घोडा उंटासमोर. तो विचार करतोय. पाणी प्यायला." कोण किती वेळा पाणी प्यायलं तेही वहीत आहे. माझ्या मते ते डाव नव्हते, पत्रं होती. फक्त कुणाला लिहिलेली, ते ठरलेलं नव्हतं.

ते मी ठरवलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका कारखान्याच्या गोदामात मालाची नोंद ठेवायचो, आणि तिथे कॉम्प्युटर आल्यामुळे तो मला येतो अशी माझी समजूत झाली होती. हप्त्यावर एक घरीही आणला. मोडेम लावला की फोन बंद, आणि फोन बंद झाला की नाओमीचं तोंड सुरू. अशाच एका दुपारी मला ते सॉफ्टवेअर सापडलं. काय चीज होती ती! तुम्ही डावातल्या चाली एकेक करून लिहायच्या, शेवटी एक बटण दाबायचं, आणि ते तुम्हाला वेबचं पान बनवून द्यायचं. पानावर पट. पटाखाली बाण. पुढचा बाण दाबला की एक चाल पुढे, मागचा दाबला की एक चाल मागे, टोकाचा दाबला की सगळे मोहरे धावत आपापल्या घरी, जसा काही डाव झालाच नाही. जगात कुठेही, कुणीही, मेलेल्या डावाला पुन्हा जिवंत करून चालवावं!

मी पहिला डाव घातला, बाण दाबला आणि घोडा आपला आपण उडाला. मी खुर्चीतून ओरडलो. नाओमी हातातलं लाटणं घेऊन धावत आली.

"काय झालं? करंट लागला?"

"हे बघ! तुझ्या पप्पांचा घोडा!"

तिने बघितलं. मग हळूच म्हणाली, "मागे पण जातो?"

"हवा तितका मागे जातो."

"मग भांडणांचं पण असं काही निघालं तर सांगा," असं म्हणून ती गेली. पण त्या दिवशी तासभर फोन मागितला नाही, यावरून काय ते समजा.

त्या वसंतात मामांना सत्तरावं लागत होतं. पेसाखच्या सणाच्या आदल्या आठवड्यात मंगळवारी मतनासमध्ये, म्हणजे आमच्या समाजमंदिरात, मलिद्याचा कार्यक्रम करायचा आणि त्यात मामांचे जिंकलेले डाव पडद्यावर चालवून दाखवायचे, असा माझा बेत होता. शिवाय तेच डाव त्यांचे ठाण्यात राहिलेले भाऊ तिथल्या सायबर कॅफेत बसून बघतील. मामांना पत्ता लागू द्यायचा नव्हता. वह्या नाओमीने "कपाट साफ करायचंय" म्हणून आणल्या. पेसाखात पाव वर्ज्य, म्हणून त्याच्या आधी आमच्या बायका घरातला पावाचा कणन् कण हुडकून काढतात, त्यामुळे त्या दिवसांत कुठल्याही कपाटातली कुठलीही वस्तू कुठेही गेली तरी कुणी संशय घेत नाही. चोरी करायची असेल तर हाच हंगाम.

साठच्या वर डाव मी घातले. गोदामातली माझी पद्धत होती: नोंदीच्या ओळीखाली फूटपट्टी ठेवायची, ओळ टाइप करायची, पेन्सिलीने बरोबरची खूण करायची, पट्टी एक ओळ खाली. खालचं बघायचं नाही. बघितलं की डोळा घसरतो आणि शंभर खोक्यांची हजार होतात. वहीवरही मी तशीच पट्टी चालवली. सॉफ्टवेअर प्रत्येक चाल तपासून घ्यायचं. नियमाबाहेरची दिसली की लाल पट्टी दाखवून अडायचं. साठ डावांत ते जेव्हा जेव्हा अडलं, तेव्हा चूक माझ्या टायपिंगची निघाली. मामांची एकही नाही. शनिवारभर डोक्यात वाहून आणलेले डाव, आणि एक प्यादं इकडचं तिकडे नाही! मी मनातल्या मनात सासऱ्यांना सलाम ठोकत होतो.

सगळ्यात शेवटी ठेवला होता तो रशियन डाव.

तो गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होता. आठ वर्षांपूर्वी सोव्हिएत देशांतून माणसांचा लोंढा आला, तेव्हा आमच्या गल्लीत ग्रीशा नावाचा इंजिनियर राहायला आला. हिब्रू त्याला दहा शब्द येत, मामांना रशियन एकही नाही. एका शब्बाथला तो अंगणाच्या फाटकाशी उभा राहून बघत होता. मामांनी समोरची खुर्ची हाताने थोपटली. पुढचं मामांच्या तोंडून ऐकावं: "रशियन मास्टर होता, मास्टर! त्यांना बुद्धिबळ बाळगुटीतून देतात. एक्केचाळीस चाली. एक्केचाळिसाव्या चालीला त्याने राजा आडवा केला आणि माझा हात हातात घेतला." या एका डावावर मामांनी मतनासमध्ये पोरांना बुद्धिबळ शिकवायचं काम मिळवलं होतं, फुकटचं, पण त्यांच्या लेखी मंत्रिपद. पोरं त्यांना 'सबा शालोम' म्हणायची, म्हणजे शालोमआजोबा. पोरांना पहिल्याच दिवशी ते सांगायचे, "हरलात तरी चालेल. खोटं खेळलात तर पट मिटून घरी पाठवीन."

आणि ग्रीशा आता बेर्शेबात एका शाळेत बुद्धिबळ शिकवत होता. मामांनी त्याला सत्तरीचं आमंत्रण स्वतः फोन करून दिलं होतं. पहिल्या रांगेत बसवायचा, असं मला बजावलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी तो डाव घ्यायला बसलो. चाल पहिली, खूण. दुसरी, खूण. सोळा चाली लोण्यासारख्या गेल्या. सतराव्या चालीला लाल पट्टी आली. चाल बेकायदेशीर.

मी चष्मा पुसला. वहीत लिहिलं होतं: "माझा राजा उडून राजाच्या घोड्याच्या दुसऱ्या घरात." राजा आपल्या घरातच होता. तिथून ते घर म्हणजे दोन घरं आडवं आणि एक पुढे. घोड्याची चाल! राजाला कॅसलिंग असतं, पण त्याला हत्ती लागतो आणि ते वेगळं. मी वहीतलं अक्षर उन्हाशी धरलं. अक्षर मोत्यासारखं. आणि तो शब्द: उडून.

मग माझ्या डोक्यात दिवा लागला, आणि लागताच विझावा असं वाटलं. ही आपली देशी चाल! माझ्या आजोबांनी मला भायखळ्याच्या चाळीत शिकवलेली. ज्याला अजून शह बसलेला नाही अशा राजाला डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडता येतं. कोकणात ओटीवर सगळे असेच खेळायचे. पण जगाच्या नियमात ही चाल नाही. मामांना हे चांगलं माहीत होतं. पोरांना ते जगाच्याच नियमाने शिकवायचे, आणि वहीतल्या साठ डावांत राजा एकदाही उडालेला नव्हता. तो उडाला फक्त एकदा, या देशात नवा आलेल्या, तोंडातून शब्द न फुटणाऱ्या पाहुण्यासमोर. नेमका अडचणीत असताना.

विसरले असतील, असं म्हणायची सोय साठ डावांनी ठेवली नव्हती.

नाओमी शेजारीच जुन्या टूथब्रशाने माझ्या कीबोर्डमधून पावाचे कण काढायला टपली होती. मी तिला सांगितलं. ती आधी हसली, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

"माझे पप्पा? ज्यांनी जन्मात बसचं तिकीट चुकवलं नाही?"

"मशीन अडलंय, नाओमी."

"मग मशीनला अक्कल नाही."

"त्यांनीच लिहिलंय. उडून."

तिने टूथब्रशाचं टोक वहीतल्या त्या शब्दाखाली धरलं. तेवढ्यात आमची मुलगी आत आली. "काय झालं," म्हणून तिने हिब्रूत विचारलं, "काही नाही," असं आम्ही दोघांनी एकदम मराठीत सांगितलं, आणि काहीतरी आहे हे तिला तेव्हाच कळलं.

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. बाहेर सगळं गाव फुललेलं आणि मी आतून वाळत चाललेला. मामा रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकावर भेटायचे. "काय रे बेनी, पुरीम झाला, तू अजून हामानच्या तोंडाने फिरतोस?" मी ओशाळा हसायचो. त्यांच्या हाताकडे माझं लक्ष जायचं. लांब, सुतासारखी बोटं. ह्याच बोटांनी उचलला का राजा? घाईत? समोरच्याची नजर वळली तेव्हा?

डाव गाळावा म्हटलं तर सगळं गाव विचारणार, रशियन डाव कुठाय? एखादी चाल बदलून राजाला पायी पायी त्या घरात पोचवावा म्हटलं, तर पहिल्या रांगेत ग्रीशा बसलेला. बुद्धिबळवाला माणूस, आपला डाव विसरेल? उठून म्हणेल, हे असं नव्हतं. मग कसं होतं? आणि तीस पोरांसमोर मामांना सांगावं लागेल, कसं होतं.

लबाडी उघडी पडली की माणसं कशी दिसतात ते मी पाहिलं आहे. त्यांना एकदम कपडे मोठे होतात, म्हणजे कपडे तेवढेच राहतात आणि माणूस आत लहान होतो. मामा आधीच काटकुळे होते.

"त्या माणसाला जाऊन भेटा," नाओमी शेवटी म्हणाली. "घरात बसून माझ्या पप्पांकडे असं बघू नका."

कार्यक्रमाला पाच दिवस उरले असताना मी सुट्टी टाकली, वही पिशवीत घातली आणि बेर्शेबाची बस धरली. वाटेत हिरवं संपतं आणि पिवळं सुरू होतं, तिथपर्यंत माझं भाषण तयार झालं होतं. भाषणाचा सारांश असा, की आदरणीय ग्रीशासाहेब, आपण त्या मंगळवारी आजारी पडावं. फार नको, साधा ताप. ते भाषण मी ओठ हलवत, हातवारे करत म्हणत असणार, कारण शेजारच्या शिपाई मुलीने आपली बंदूक आणि पिशवी उचलून दुसरी जागा घेतली.

ग्रीशा चौथ्या मजल्यावर राहायचा. दाराशी माझं नाव ऐकून त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला. काचेच्या पेल्यात काळा चहा आला, बशीत चेरीचा मुरंबा. त्याची हिब्रू आता पाण्यासारखी वाहत होती, फक्त तळाशी रशियन दगड लागायचे.

"शालोम कसे आहेत? अजून सांगतात का, मी मास्टर होतो म्हणून?"

"नव्हतात?"

"छे! चांगला खेळायचो, एवढंच. तुमच्या सासऱ्यांनी मला बढती दिली." तो पोट धरून हसला. मला हसू येईना. मी वही उघडली, भाषण विसरलो आणि नुसतं म्हणालो, "सतरावी चाल."

तो थांबला. कपाटातून एक पट काढला, आणि वही न बघता, आठ वर्षांनी, सोळा चाली मांडल्या. मग पांढरा राजा उचलून घोड्याच्या दुसऱ्या घरात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"ही?"

"ही," मी म्हणालो. "ही चाल नियमात नाही."

"नाही."

"तुम्हाला तेव्हा कळलं होतं?"

"मी इंजिनियर होतो, आंधळा नव्हतो." त्याने मुरंब्याचा चमचा चाटला. "ऐका. त्यांचा हात विचार न करता गेला. लहानपणचा हात असतो ना, तसा. राजा ठेवला आणि मग त्यांनाच कळलं. कानापर्यंत लाल झाले. परत घ्यायला गेले तर मी मनगट धरलं. हात लावला तो मोहरा हलवायचाच, हा नियम तर दोघांनाही माहीत होता! मी खुणेने विचारलं, हे काय? त्यांनी घोडा दाखवला, मग राजा दाखवला, मग एक बोट वर केलं. एकदाच. मी म्हटलं, बरं."

"बरं? मग तुम्ही हरलात ते त्यामुळे..."

"का म्हणून? माझाही राजा उडाला की!"

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"तेविसाव्या चालीला. मीही अडचणीत होतो. मी पण एक बोट वर केलं. ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तिथून पुढे सरळ खेळलो आणि त्यांनी मला सरळ हरवलं. वहीत नाही का?"

वहीत! मी पानं चाचपली. सतराव्या ओळीखालचं मी वाचलंच नव्हतं. मशीन थांबलं, माझी पट्टी थांबली, आणि पट्टीखाली काय आहे ते बघायचं नाही ही माझी पंचवीस वर्षांची शिस्त. ओळ तेविसावी. तेच मोत्याचं अक्षर: "ग्रीशाचा राजा अडीच घरं. छान. दोघे पाणी प्यायलो."

पोटातला दगड कुठल्या क्षणी गेला ते मला सांगता येणार नाही. मी काळा चहा गटागटा प्यायलो, मुरंबा संपवला, आणखी मागितला. सासरे लबाड नव्हते. मी मूर्ख होतो. एवढी चांगली बातमी मला आयुष्यात क्वचितच मिळाली आहे. ग्रीशाला मी सगळं सांगितलं, तापाच्या भाषणासकट. तो इतका हसला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छत ठोकलं.

"पण मशीन ही चाल घेणार नाही," मी म्हणालो.

"नको घेऊ दे. तुमच्या त्या सॉफ्टवेअरला मधूनच सुरू होणारा डाव मांडता येतो का? कोडी घालतात तसा?"

येत होता. उत्तर इतकं सोपं होतं की मला राग आला. एका डावाचे तीन डाव करायचे. पहिला पट सोळाव्या चालीपर्यंत. दुसरा, राजा उडून बसलेला आहे तिथून पुढे. तिसरा, ग्रीशाचा राजा उडाल्यानंतरचा. मधे साधं वाक्य.

परतीच्या बसमध्ये मी तीच तेविसावी ओळ परत परत वाचत होतो. खिडकीबाहेर पिवळं संपून हिरवं सुरू झालं आणि मग तो वास आला. मला वाटतं, सुटका झालेल्या माणसालाच खरा वास येतो. बाकीचे नुसता श्वास घेतात.

घरी आल्यावर नाओमीला सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि खूप वेळ कोरडीच भांडी धुतली. मग बाहेर येऊन म्हणाली, "मी सांगितलं होतं, मशीनला अक्कल नाही."

मंगळवारी मतनासचं दालन भरलं. मलिद्याचं ताट सजलं होतं, पोहे, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. प्रेषित एलियाहू हन्नावीचं नाव घेऊन प्रार्थना झाली, ताट फिरलं. मग कारखान्याच्या ऑफिसातून उसना आणलेला प्रोजेक्टर मी एका पांढऱ्या चादरीवर रोखला. फोनची लाइन दगा देईल म्हणून सगळी पानं फ्लॉपीतही आणली होती, आणि बरं केलं, कारण दुसऱ्याच डावाला मतनासच्या ऑफिसातल्या बाईने फोन उचलला आणि लाइन तुटली.

मामा पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचा सदरा घालून. शेजारी ग्रीशा. आपले डाव चादरीवर आपोआप चालताना बघून मामांचं तोंड जे उघडलं ते मिटेचना. "अरे, फर्स्ट क्लास!" म्हणायचे आणि प्रत्येक चालीला ग्रीशाच्या मांडीवर थाप मारायचे. पोरं ओरडत होती. मी बाण दाबत होतो, थोडा हामानसारखा, थोडा देवासारखा.

मग रशियन डाव आला, आणि मामांची थाप थांबली.

त्यांना माहीत नव्हतं की मला माहीत आहे. मी चाली चालवत गेलो. पंधरावी. सोळावी. अंधारात मला त्यांचा चेहरा दिसत होता. तो हळूहळू सदऱ्याच्या आत चालला होता. तेव्हा मला कळलं की तो दगड एकट्या माझ्याच पोटात नव्हता. सोळाव्या चालीवर पहिला पट संपला आणि चादरीवर माझं वाक्य आलं, मराठीत आणि हिब्रूत: इथे राजा कोकणच्या नियमाने उडाला.

दहा वर्षांची एक चुणचुणीत मुलगी ताडकन उभी राहिली. "अस्सूर!" ती म्हणाली. म्हणजे मनाई. "सबा, राजाला असं करायला अस्सूर आहे! तुम्हीच सांगितलं!"

मी पुढचा बाण दाबायला गेलो तर मामांनी हात वर केला. ते उठले. चादरीसमोर उभे राहिले, तेव्हा पट त्यांच्या सदऱ्यावर पडला, चौकटी-चौकटींचा.

"पोरगी बरोबर बोलते," ते हिब्रूत म्हणाले, त्यांच्या त्या मोडक्या, कोकणी वळणाच्या हिब्रूत. "त्याला विचारलं नाही. आधी उडालो, मग सांगितलं. पुढे तोही उडाला, पण आधी मी. आठ वर्षं ही गोष्ट सांगतो आणि ही एवढीच जागा गाळतो." मग ते ग्रीशाकडे वळले. त्यांचा आवाज बारीक झाला. "आज सगळ्यांसमोर सांग. तू नवीन होतास, पाहुणा होतास, म्हणून सोडलंस ना? मनात राग आला होता ना?"

ग्रीशा उठला. मोठा माणूस, त्याची सावली अर्ध्या पटावर पडली.

"शालोम," तो म्हणाला, "मला या देशात येऊन तीन महिने झाले होते. प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक खिडकीवर एकच शब्द ऐकत होतो, हिने आत्ता म्हटला तो. हे अस्सूर, ते अस्सूर, हा कागद चालत नाही, ही पदवी चालत नाही. तीन महिन्यांत तुम्ही पहिले भेटलात, ज्यांनी मला एक चाल जास्त दिली. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, आपण इथे राहू."

मामांनी रुमाल काढला, टोपी सरळ केली, रुमाल परत ठेवला. मग टेबलावर पोरांचा लाकडी पट मांडलेला होता, तिथे जाऊन काळ्या बाजूची खुर्ची ओढली आणि तिच्यावर टेकत म्हणाले, "ये. आज पांढरी तू घे."